मामा, हे तर कोणीही बदलू शकतं

चार वर्षांपूर्वी एका मंगल कार्यालयाची वेबसाइट केली होती, वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर). बुकिंगचं रेडीमेड प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) टाकायचं सोडून मी स्वतःच एक छोटं लिहिलं, कारण काकांना (मालक, त्यांना सगळे काकाच म्हणतात) हॉलचं वेगळं, लॉनचं वेगळं भाडं दाखवायचं होतं आणि दाट तिथीला रेट वाढवायचा होता, असलं काही तयार मिळेना. त्यात एक सेटिंगचं पान होतं. भाडं किती, ॲडव्हान्स किती, आणि ॲडव्हान्स कुठल्या यूपीआय आयडीवर टाकायचा.

ते शेवटचं लक्षात ठेवा.

मागच्या रविवारी भाचा आला होता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बघ मामा काय काय करतो म्हणून जरा मिरवत त्याला कोड दाखवत होतो. पोहे संपायच्या आत तो म्हणाला, "मामा, हे तर कोणीही बदलू शकतं ना?" मी म्हटलं छे, वर बघ की, इज ॲडमिन तपासलंय. तर तो म्हणे, "हो पण ते माणसाबद्दल विचारतच नाहीये."

खोटं कशाला बोलू, मला राग आला. मग डॉक्युमेंटेशन उघडलं आणि गप्प बसलो.

वर्डप्रेसमध्ये इज ॲडमिन नावाचं एक फंक्शन आहे. नाव वाचून कुणालाही वाटेल की समोरचा ॲडमिन, म्हणजे साइटचा कारभारी, आहे का ते बघतंय. तर नाही. आलेली रिक्वेस्ट ॲडमिनच्या भागातली आहे का, एवढंच ते बघतं, आणि ॲडमिन-एजॅक्स नावाची जी फाइल आहे ती ॲडमिनच्याच भागात धरली जाते. ही फाइल लॉगिन न करताही कोणीही बाहेरून हाक मारू शकतो, ती त्यासाठीच आहे. म्हणजे अनोळखी माणसानं तिथून रिक्वेस्ट टाकली तरी इज ॲडमिनचं उत्तर हो. वर माझा सेव्ह करायचा कोड मी ॲडमिन-इनिट या हुकला (वर्डप्रेस ठरलेल्या वेळी आपला कोड चालवतं ती खुंटी) टांगला होता, आणि तो हुकसुद्धा तिथं चालतो, लॉगिन असो नसो. सेटिंगचं पान मेनूत फक्त काकांना दिसायचं म्हणून मी चार वर्षं निवांत होतो. पान लपवलं होतं, दार उघडंच होतं.

टेस्ट साइटवर करून बघितलं. लॉगआउट केलं, टर्मिनलमधून कर्लची (ब्राउझरशिवाय रिक्वेस्ट पाठवायचं साधन) एक ओळ, आणि यूपीआय आयडी बदलला. भाच्याचा टाकला होता, पोरगं खूश.

लग्नाच्या हॉलमध्ये कसं असतं बघा, आत शिरलेल्याला तुम्ही मुलाकडचे की मुलीकडचे असं कोणी विचारत नाही, पंगतीत बसा जेवा, मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचे असतील. ते चालतं. पण कोठीची किल्ली एका आत्याकडे असते आणि ती सख्ख्या जावयाला पण देत नाही. मी ती आत्याच बसवायला विसरलो होतो.

बरं, हे फक्त माझ्यासारख्या एकट्या माणसाकडून होतं असं नाही. २०२० च्या फेब्रुवारीत थीमग्रिल डेमो इम्पोर्टर या प्लगइनमध्ये नेमकं हेच निघालं, तोच ॲडमिन-इनिट हुक, आणि दोन लाखांहून जास्त साइटींवर ते बसवलेलं. तिथं तर लॉगिन न करता अख्खा डेटाबेस पुसून साइट कोरी करता यायची, आणि ॲडमिन नावाचा युजर असला तर पुसणारा आपोआप त्या नावानं लॉगिन पण व्हायचा. १.६.२ मध्ये दुरुस्त केलं. त्याआधी नोव्हेंबर २०१८ मध्ये डब्ल्यूपी जीडीपीआर कम्प्लायन्स, एक लाखाच्या वर साइटी. हे युरोपातल्या प्रायव्हसी कायद्यासाठीचं प्लगइन, म्हणजे लोकांची माहिती सुरक्षित राहावी म्हणून बसवायचं! त्यात कोणीही वर्डप्रेसची कुठलीही सेटिंग बदलू शकत होतं. चोरांनी काय केलं तर कोणालाही खातं उघडता येईल ही सेटिंग चालू केली, नवीन खात्याचा डीफॉल्ट रोल ॲडमिनिस्ट्रेटर केला आणि सरळ फॉर्म भरून खातं उघडलं. कडीकोयंडा तोडायची गरजच पडली नाही.

ओवॅस्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल, म्हणजे अधिकार नीट न तपासणं, पाचव्या नंबरवरून पहिल्यावर आलं ते मी तेव्हा वाचलं होतं, शेअर पण केलं होतं. स्वतःचा कोड उघडून बघितला नव्हता.

आता दुरुस्तीची गंमत ऐका, कारण पहिली दुरुस्ती पण चुकलीच. मी घाईघाईनं नॉन्स टाकला, म्हणजे फॉर्मबरोबर येणारा तो छोटा कोड. म्हटलं झालं. भाच्यानं टेस्ट साइटवर गिऱ्हाईक म्हणून खातं उघडलं (बुकिंगसाठी लोकांना खातं उघडावंच लागतं), व्ह्यू सोर्स केलं (पानामागचा कोड उघडला) आणि नॉन्स उचलला, कारण कॅलेंडरच्या स्क्रिप्टबरोबर मीच तो सगळ्यांच्या पानावर छापत होतो. नॉन्स एवढंच सांगतो की ही रिक्वेस्ट आपल्याच पानावरून आलीय, कोणी फसवून क्लिक करून घेतलेलं नाही. माणसाला अधिकार आहे का हे तो सांगत नाही, आणि अधिकार तपासायला नॉन्सवर विसंबू नका असं डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय. आणि नाव जरी एकदाच वापरायचा आकडा असं असलं तरी वर्डप्रेसमधला नॉन्स चोवीस तासांपर्यंत परत परत चालतो. इज ॲडमिन काय नि नॉन्स काय, ही नावं देणाऱ्यांनी दोन्ही ठिकाणी आपला सूडच घेतलाय असं मला आता वाटतं.

खरी दुरुस्ती एका ओळीची. करंट युजर कॅन, आणि त्यात मॅनेज ऑप्शन्स, म्हणजे या माणसाला सेटिंग बदलायचा अधिकार आहे का. नसेल अधिकार तर तिथंच थांब. बस. एजॅक्सला डब्ल्यूपी-एजॅक्स हुक लावला की फक्त लॉगिन असलेलेच येतात एवढं खरं, पण लॉगिन तर काल खातं उघडलेला नवरदेवाचा मित्र पण असतो, म्हणून ही ओळ तिथं पण लागतेच.

मग भीतीनं सगळं फोल्डर शोधत बसलो रात्री दीडपर्यंत. रेस्ट एपीआयचे दोन रूट (प्रोग्रॅमला साइटवरची माहिती देणारे पत्ते) सापडले, वर्डप्रेस ५.५ पासून परमिशन कॉलबॅक (कोणाला परवानगी ते तपासणारा कोड) दिला नाही तर ते कुरकुर करतं, आणि ती कुरकुर बंद करायला मी दोन्हीकडे रिटर्न ट्रू, म्हणजे सगळ्यांनाच हो, लिहून ठेवलेलं. एक रूट तारखा दाखवायचा होता, तो सगळ्यांना दिसला तरी काही बिघडत नाही. दुसरा गिऱ्हाइकांची नावं आणि मोबाइल नंबर देत होता. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

काकांच्या साइटवर कोणी येऊन गेलं का? शेअर्ड होस्टिंगवर लॉग थोड्याच दिवसांचे मिळाले, त्यात संशयास्पद काही नाही. यूपीआय आयडी काकांच्या फोनवरच्याशी जुळवला, तोच आहे. पण ऑप्शन्स टेबलात (सेटिंग जिथं साठतात) आधी काय होतं त्याची नोंद राहत नाही, त्यामुळे मधेच कोणी बदलून परत जागेवर ठेवला असेल तर कळायला मार्ग नाही. म्हणून काकांना फोन करून सगळं सांगितलं, ॲडव्हान्सच्या पावत्या वहीशी ताडून बघा म्हटलं. त्यांनी विचारलं, "पैसे गेले का?" म्हटलं बहुतेक नाही. "मग झालं तर. बरं ते तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा टाकायच्या राहिल्यात बघ." वही बघतो म्हणालेत, बघतील की नाही देव जाणे.

हेच प्लगइन थोडं फिरवून मी आणखी तीन ठिकाणी दिलंय. दोन ठिकाणी नवीन फाइल टाकून झाली. तिसऱ्याचं होस्टिंग त्यांनी मधे बदललंय, पासवर्ड माझ्याकडे नाही आणि रविवारपासून ते फोन उचलत नाहीयेत, व्हॉट्सॲपला निळ्या टिका पण नाहीत. हे पोस्ट टाकलं की परत लावतो.