पंखे महिन्यात बदलले, बिलावरचं नाव सात महिन्यांत

मी विज्ञान शिकवतो, म्हणून शाळेच्या वीजबिलाची फाइल माझ्या गळ्यात पडली. जुने ७५ वॅटचे पंखे काढून ३० वॅटचे बीएलडीसी आणि चोकवाल्या ट्यूबच्या जागी २० वॅटच्या एलईडी लावल्या. पैसे माजी विद्यार्थ्यांनी दिले. युनिट घटले, बिल मात्र म्हणावं तसं उतरेना.

कारण मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीकडे आमच्या नावे नोंदलेली कमाल मर्यादा, २८ किलोवॅट. २० पर्यंत स्थिर आकार ठरलेला. त्यापुढे मागणी आकार, म्हणजे भाराच्या मापानं लागणारा, आणि वापर कमी झाला तरी मंजूर भाराचा ठरावीक हिस्सा धरतातच. आमचा जोडभार, म्हणजे सगळ्या उपकरणांची मिळून बेरीज, आता १६ वर आला होता. म्हटलं, भार कमी करण्याचा अर्ज द्यायचा, परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडायचा, झालं.

वीज कार्यालयात खिडकीवरच्या बाईंनी बिल पाहिलं. "ग्राहकाची सही कुठंय?"

ग्राहक म्हणजे आमचे संस्थापक चिटणीस. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. आधी नाव बदला, मग भार. ठीक. पुढच्या खेपेला वारसांचं संमतीपत्र मागितलं. अहो, शाळा काय त्यांच्या घरची? तिसऱ्या खेपेला साहेब दौऱ्यावर. चौथ्या खेपेला अर्जच सापडेना, आणि माझ्याकडे पोच नव्हती. (स्वतःच्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. हे मला पाचव्या अर्जाच्या वेळी सुचलं!) शेवटी एका वायरमनदादांनी वाट दाखवली. धर्मादाय आयुक्त कार्यालयातून संस्थेचा पीटीआर उतारा (सार्वजनिक न्यास नोंदवहीतली नोंद) आणला, कार्यकारिणीचा ठराव जोडला आणि वारसांचं प्रकरण तिथंच मिटलं. भार कमी व्हायला मग तीन आठवडे पुरले. तुमच्या शाळेचं बिल कुणाच्या नावावर आहे, ते आजच बघा.

एक राहिलंच, आणि खरं तर ते पंख्यांच्याही आधी करायला हवं होतं. रविवारी सकाळी बंद शाळेत मीटरसमोर उभा राहिलो. लाल दिवा मिनिटाला पंधरा वेळा लुकलुकत होता. मीटरवर एका युनिटला १२०० असं छापलंय, म्हणजे ताशी पाऊण युनिट, कुणी नसताना! शोधलं तर वॉटर कूलर आणि संगणक कक्षातला यूपीएस. आता शनिवारी दुपारी शिपाईमामा दोन्ही बटणं बंद करतात आणि मला 'केलं सर' म्हणून फोन करतात. सोमवारी कूलरचं पाणी कोमट लागतं, अशी दहावीच्या पोरांची तक्रार आहे.