सहा जण, अडीच दिवस आणि जुलैमधलं बुडापेश्त

आधी सगळ्यात कामाचं सांगून टाकते, मग बाकीचं सावकाश. उन्हाळ्यात ग्रुपने बुडापेश्तला जाणार असाल तर दुपारी १२ ते ५ या वेळात काहीही ठरवू नका. म्युझियमचं बुकिंग नको, वॉकिंग टूर नको, "जाता जाता ते पण बघू" तर अजिबात नको. आम्ही पहिल्या दिवशी ते केलं आणि दीड वाजता टळटळीत उन्हात वाड्याच्या टेकडीवर (बुडा कॅसल) सहाच्या सहा जण एकमेकांवर चिडून उभे होतो, आणि हे तेच लोक जे पाच वर्षांनी एकत्र भेटले म्हणून आदल्या रात्री रडत होते.

आम्ही हॉस्टेलचे सहा जण. दोघी लंडनला, दोघं म्युनिकला, एक व्हिएन्नाला, एक प्रागला. बुडापेश्त निवडलं कारण व्हिएन्नाहून थेट ट्रेनने साधारण पावणेतीन तास, म्युनिक-प्रागहूनही थेट गाड्या आहेत, आणि लंडनहून विमानं भरपूर. पण लंडनवाल्यांनी लक्षात ठेवा, भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा लागतो आणि उन्हाळ्यात त्याच्या अपॉइंटमेंट पटकन संपतात. आमच्या प्लॅनिंगमधला सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं बुकिंग करू नका, मग ते कितीही स्वस्त दिसो.

तारखा ठरवताना ऑगस्टमधले दोन वीकेंड जपून. एक म्हणजे सिगेत या संगीत फेस्टिवलचा, तो ओबुडा बेटावर भरतो आणि जगभरची पोरं येतात. दुसरा २० ऑगस्टच्या आसपासचा, तो हंगेरीचा राष्ट्रीय सण, रात्री डॅन्यूबवर आतषबाजी. त्यासाठीच जायचं असेल तर मजाच आहे, पण नुसतं शहर बघायचं असेल तर घरांचे भाव आणि गर्दी दोन्ही नकोसं होतं. आम्ही जुलैचा मधला वीकेंड घेतला.

आता घराचं. इथे आम्ही चुकलो, म्हणून जरा जास्त लिहिते. सातवा डिस्ट्रिक्ट म्हणजे जुना ज्यू मोहल्ला, सगळे रुइन बार (पडक्या इमारतींमधले बार) तिथे, म्हणून आम्ही घर पण तिथेच घेतलं, चालत घरी येता येईल म्हणून. खोल्या रस्त्याकडच्या, दुसरा मजला, एसी नाही. खिडक्या लावल्या की घामाने आंघोळ, उघडल्या की पहाटे चारपर्यंत खालचा दंगा थेट उशीशी. तुम्ही घर बघताना "एअर कंडिशनिंग" हा शब्द सोयींच्या यादीत स्वतः वाचा, फोटोत पंखा दिसला म्हणजे एसी असं समजू नका. आणि मालकाला आधीच विचारा की बेडरूम रस्त्याकडे आहे की आतल्या चौकाकडे. पेश्तच्या (म्हणजे नदीच्या पूर्वेकडच्या शहराच्या) जुन्या इमारतींना मधे चौक असतो आणि चारी बाजूंनी लांब गॅलरी, सगळ्यांची दारं त्या गॅलरीत उघडतात, म्हणजे थेट आपली चाळच. दारात तुळशीच्या जागी जिरेनियमच्या कुंड्या, एक आजी खुर्ची टाकून बसलेली, दोरीवर कपडे. बघून मला भरून आलं. पण चाळ म्हटलं की आवाजही चाळीसारखाच घुमतो. रात्री दहानंतर त्या चौकात हळू बोला, तिथे माणसं राहतात, सकाळी कामावर जातात. आम्ही पहिल्या रात्री जिन्यात हसत होतो आणि वरून एका काकांनी नुसतं "प्लीज" म्हटलं, इतक्या दमलेल्या आवाजात की दुसऱ्या दिवशी आम्ही चपला हातात घेऊन चढलो.

परत गेले तर मी १३व्या डिस्ट्रिक्टच्या नदीकडच्या भागात, मार्गित पुलाजवळ राहीन. शांत आहे, झाडं आहेत, आणि ४ आणि ६ नंबरची ट्राम हाताशी. त्यातली ६ नंबर रात्रभर चालते, म्हणजे मेट्रो बंद झाली तरी घरी पोचायची काळजी नाही. अजून एक, सहाव्या डिस्ट्रिक्टमधे १ जानेवारी २०२६ पासून पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी घरं भाड्याने द्यायला बंदी आहे, तिथल्या रहिवाशांनीच तसं मत दिलं. तिथलं घर कुठे लिस्टिंगमधे दिसलं तर घेऊ नका, तिथे हॉटेल घ्या.

तिकिटाचं सोपं आहे. २४ तासांचं ग्रुप तिकीट मिळतं, एका तिकिटावर ५ जण. आम्ही सहा, म्हणून एक ग्रुपचं आणि एक सुटं. पण सगळ्यांनी एकत्रच फिरायला लागतं, त्यामुळे ग्रुपमधे कोणी सकाळी पळायला जाणारं किंवा लवकर झोपणारं असेल तर त्याला आपलं वेगळं तिकीट घेऊ द्या. एअरपोर्टहून थेट शहरात आणणाऱ्या १००ई बसला हे चालत नाही, तिचं वेगळं तिकीट आहे. २००ई बस आणि पुढे एम३ मेट्रो असं आलात तर नेहमीची तिकिटं चालतात. सुटं कागदी तिकीट घेतलंत तर पंच करायला विसरू नका, चेकर खरंच उभे असतात.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे पोचल्यावर काय करायचं, तर २ नंबरच्या ट्राममधे बसायचं. ती पेश्तच्या बाजूने नदीकाठानेच जाते, एकीकडे पार्लमेंट, पलीकडे वाडा, आणि जुलैमधे सूर्य पावणेनऊच्या सुमाराला मावळतो त्यामुळे जेवूनखाऊन निघालं तरी उजेड असतो. आम्ही पार्लमेंटपाशी उतरून नदीकडे गेलो. तिथे काठावर लोखंडी बुटांच्या ६० जोड्या आहेत, १९४४-४५ च्या हिवाळ्यात ज्यू लोकांना तिथे उभं करून, बूट काढायला लावून, गोळ्या घालून नदीत ढकललं त्यांची आठवण. २००५ मधे बसवलंय. त्यात लहान मुलांचे पण बूट आहेत. आम्ही मोठमोठ्याने बोलत आलो होतो, आपोआप गप्प झालो. पार्टी वीकेंड असला तरी इथे जा, आणि फोटोसाठी त्या बुटांत पाय घालू नका, तसं करणारे लोक बघितले मी आणि फार वाईट वाटलं.

शनिवारी वर सांगितलेला टेकडीचा गोंधळ झाला. तो व्हायला नको असेल तर दिवस उलटा लावा. सकाळी उघडल्या उघडल्या सेचेन्यी बाथ. १९१३चं आहे, बाहेरच्या कुंडात ३८ डिग्रीपर्यंतचं गरम पाणी, ते सकाळच्या गार हवेतच बरं वाटतं, भर दुपारी नाही. ऑनलाइन तिकीट काढा, स्लिपर आणि टॉवेल घरूनच न्या, आणि पोहायच्या तलावात उतरायचं तर टोपी लागते. जायला एम१ घ्या, १८९६ मधे सुरू झालेली पिवळी छोटीशी मेट्रो, थोड्याच पायऱ्या उतरलं की प्लॅटफॉर्म. गेलेर्त बाथ यादीत असेल तर खोडा, १ ऑक्टोबर २०२५ पासून दुरुस्तीसाठी बंद आहे, काही वर्षं लागणार आहेत. रात्री पाण्यात बसायची हौस असेल तर शुक्रवार-शनिवारी रुदाश बाथ उशिरापर्यंत उघडं असतं, गच्चीवरच्या गरम कुंडातून खाली नदी दिसते.

दुपारी झोपा. खरंच झोपा, किंवा मार्गित बेटावर जा, अडीच किलोमीटर लांब बेट, जवळजवळ सगळी झाडी, खासगी गाड्यांना बहुतेक बंदच, आणि पालातिनुश नावाचा मोठा उघडा स्विमिंग पूल आहे जिथे लाटा सोडतात. आम्ही चिडलेले सहा जण शेवटी तिथेच गेलो आणि अर्ध्या तासात सगळं निवळलं. वाड्याची टेकडी संध्याकाळी सातनंतर चढा. सेचेन्यी पूल खासगी गाड्यांना बंद आहे त्यामुळे चालत जायला छान, आणि फिशरमन्स बॅस्टियनच्या वरच्या भागाला दिवसा तिकीट असतं ते उशिरा लागत नाही.

रुइन बारबद्दल. पडायला आलेल्या इमारतींमधे जुनं फर्निचर, बाथटबचे सोफे वगैरे टाकून हे सुरू झाले, सिम्प्ला केर्त सगळ्यात प्रसिद्ध. शनिवारी रात्री दहानंतर तिथे एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आम्हाला पाच वर्षांच्या गप्पा मारायला आठ वाजताच जाणं फार बरं पडलं. रविवारी सकाळी तिथेच शेतकरी बाजार भरतो, चीज, मध, पाव. तो मला रात्रीपेक्षा जास्त आवडला.

प्यायला फ्रॉच घ्या, म्हणजे वाइन आणि सोडा. प्रमाणाप्रमाणे नाव बदलतं, १ भाग वाइन १ भाग सोडा तो किश-फ्रॉच, २ ला १ तो नाद्य-फ्रॉच, उन्हात पहिलाच बरा. आमच्यातली एक घेत नाही, तिला सगळीकडे फळांचं सरबत सोडा घालून मिळालं, त्याला सोर्प म्हणतात. शाकाहारी लोकांसाठी लांगोश आहे, भटुऱ्याचा मोठा भाऊ म्हणा, वर लसूण, आंबट साय आणि चीज, पण कुठे कुठे चरबीत तळतात म्हणून विचारून घ्या. आणि आंबट चेरीचं थंडगार सूप मिळतं, मेद्य-लेवेश, जेवणाच्या सुरुवातीला. पहिल्या चमच्याला मला आपल्या सोलकढीची आठवण आली, चव वेगळी, काम तेच.

उच्चार वाचायचा नियम लक्षात ठेवा, नुसता एस म्हणजे श, आणि एस-झेड म्हणजे स. एवढ्यावर ट्रामच्या पाट्या बऱ्यापैकी वाचता येतात.

पैसे फोरिंटमधे. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं, मशीनने "तुमच्या चलनात भरायचं का" विचारलं तर नाही म्हणा, फोरिंटच निवडा. बिलात बऱ्याचदा १०-१५ टक्के सर्व्हिस चार्ज आधीच असतो, तो बघा मग टिपचं ठरवा. रोख देताना "कोसोनोम" म्हणजे थँक्यू म्हणालात की उरलेले ठेवा असा अर्थ घेतात, सुटे हवे असतील तर सुटे हातात आल्यावर म्हणा. टॅक्सी ॲपवरून बोलवा किंवा पिवळीच घ्या. आणि वाची उत्सा या रस्त्याच्या बाजूला अनोळखी कोणी गोड बोलून अमुक बारमधेच चला म्हणालं तर जाऊ नका, भाव न बघता ऑर्डर केलेल्या लोकांना भयंकर बिलं आलेली आहेत.

ग्रुपच्या खर्चाचं एकच सांगते, घर बुक करायच्या आधी प्रत्येकाकडून पैसे घ्या. आमच्या म्युनिकवाल्याने स्पष्ट मेसेज टाकला, "रविवारपर्यंत ज्यांचे आले तेवढ्यांसाठी घर बघतो," आणि दोन महिने नुसतं "हो हो जाऊया" चाललेलं तीन दिवसांत पक्कं झालं. मला तेव्हा जरा कडक वाटलं होतं, आता वाटतं बरं केलं त्याने.

वीकेंडच्या बंद गोष्टी पण बघून ठेवा. दोहान्य रस्त्यावरचं सिनेगॉग, युरोपातलं सगळ्यात मोठं, शनिवारी बंद. मोठं मार्केट हॉल रविवारी बंद. आमचं दोन्ही हुकलं.

रविवारी मात्र एकदम जमून आलं. बात्त्यानी तेरहून एच५ लोकल पकडून रोमाई-पार्तला गेलो, शहराच्या हद्दीतच आहे म्हणून तेच ग्रुप तिकीट चाललं. नदीकाठी गोटे, मोठी झाडं, घडीच्या खुर्च्या, तळलेले मासे, आणि सगळे तिथलेच लोक, सहकुटुंब. आम्ही पाय पाण्यात टाकून तीन तास बसलो. प्रागवाल्याने तिथे सांगितलं की त्याचे बाबा वर्षभर आजारी आहेत, फोनवर कधीच बोलला नव्हता, आणि आम्ही कोणी काही फार बोललो नाही, व्हिएन्नावाली नुसती त्याच्या बाजूला सरकून बसली. त्याची गाडी आधी होती. आम्ही पाचही जण त्याला स्टेशनवर सोडायला गेलो. परतीची वेळ ठरवताना सगळ्यांच्या गाड्या-विमानं दोनेक तासांच्या आत येतील असं बघा. आमच्या लंडनवाल्यांचं विमान रात्री उशिरा होतं आणि शेवटचे चार तास आम्ही दोघीच सामान घेऊन फिरत होतो.