तांबूसोबत पाच किलोमीटर

मी कोथरूडला राहते आणि बऱ्याच वर्षांपासून सकाळी पळते. तांबूला दत्तक घेतलं तेव्हा ती वर्षाचीही नव्हती. देशी कुत्री, तांबूस रंगाची, लांब पायांची. तिला पळायला सोबत न्यायचं, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

व्हेटने पहिल्याच भेटीत थांबायला सांगितलं. वाढत्या पिल्लाच्या हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चा असते आणि हाड तिथूनच लांबीला वाढतं. ती पक्की व्हायच्या आत कडक रस्त्यावर सलग पळवलं तर सांध्यांना कायमची इजा होऊ शकते. लहान जातींत हे काम वर्षाच्या आत उरकतं, मोठ्या जातींत दीड वर्षही लागतं. मैदानात मनाला येईल तसं हुंदडू दे, म्हणाले, दमली की आपली आपण बसेल. पट्ट्याला बांधून तुमच्या वेगाने मात्र आत्ता नको. हे मला फार पटलं, आणि पुढचं सगळं मी त्यावरच बेतलं. मोकळा कुत्रा दमला की थांबतो. पट्ट्याला असलेला माणसासाठी पळतच राहतो.

मधले महिने चालण्यात गेले. डाव्या बाजूने चालायचं, मध्येच आडवं यायचं नाही, ‘थांब’ म्हटलं की थांबायचं. गळ्यातला पट्टा काढून छातीवरून जाणारा हार्नेस घेतला, म्हणजे हिसका बसला तरी घशावर ताण येत नाही. बगलेत घासतोय का, हे रोज बोटं घालून बघायचे. लांब होणारी दोरी मी घेतलीच नाही. वाहनांच्या रस्त्यावर ती मला धोक्याची वाटते. दोन मीटरचा साधा पट्टा पुरतो.

डॉक्टरांनी हृदय, सांधे, वजन तपासून हो म्हटल्यावर पळणं सुरू केलं: एक मिनिट हलकं पळणं, दोन मिनिटं चालणं, असं वीसेक मिनिटं. नवीन पळणाऱ्या माणसाला सांगतात तेच. तांबूचा दम माझ्यापेक्षा चांगला होता, पण तिच्या पंजांच्या गाद्यांना वेळ हवा होता. दम लवकर वाढतो, कातडी आणि स्नायूबंध हळू तयार होतात. म्हणून घरी आलं की चारही पंजे उलटून बघायचे: कुठे चीर आहे का, खडा अडकलाय का. ही सवय आजही आहे.

सगळ्यात जास्त काळजी मी उन्हाची घेते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडाफार येतो तो पंजांना. शरीरातली उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर जाते. जिभेवरचा आणि श्वासनलिकेतला ओलावा वाळला तर गारवा मिळणार, म्हणून हवा दमट असली की धापाही पुरत नाहीत. पुण्यात पावसाळ्यातली ढगाळ सकाळ आपल्याला सुखाची वाटते, पण कुंद हवेत वारा पडलेला असेल तर मी अंतर कमी करते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं; ते १०५ च्या वर गेलं की जिवावर बेतू शकतं. मी बघते ती जीभ. ती लांब, टोकाशी रुंद आणि चपटी झाली, थांबल्यावरही धापा कमी होईनात, सावलीकडे ओढ सुरू झाली की पळणं तिथेच संपतं. हिरड्या लालभडक होणं, तोल जाणं, उलटी होणं ही उष्माघाताची लक्षणं. तेव्हा आधी अंगावर साधं गार पाणी ओतत राहायचं, वारा घालायचा, आणि तसंच लगेच दवाखाना गाठायचा.

डांबर हा वेगळाच विषय. हाताचा पालथा पंजा सात सेकंद रस्त्यावर टेकवून ठेवता आला नाही तर तो रस्ता कुत्र्यासाठी नाही. उन्हाळ्यात सूर्य मावळल्यावरही डांबर बराच वेळ तापलेलं असतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये संध्याकाळ मी पूर्ण वर्ज्य केली. तेव्हा पहाटे फक्त हुंगत-हुंगत फिरणं आणि घरी खाऊ लपवून शोधायला लावणं. नाकाच्या कामानेही कुत्रा छान दमतो.

मग गल्लीतली कुत्री. प्रत्येक टोळीची हद्द असते आणि पळणारा परका कुत्रा त्यांना खपत नाही. मी आधी एकटीने वेगवेगळे रस्ते पाहिले: कुठे खाणं घालतात, कुठे पिल्लांची आई बसते. ते टाळून वाट ठरवली. भुंकत कोणी आलंच तर पळणं बंद, तांबू माझ्या पलीकडच्या बाजूला, आणि नजर न भिडवता सावकाश चालत पुढे. बहुतेक वेळा हद्द संपली की ते परत फिरतात. रेबीजची लस तिची दरवर्षी वेळेवर होते. कुठल्याही कुत्र्याने माणसाला चावा घेतला तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायला जायचं, हे घरात सगळ्यांना पाठ आहे.

रविवारी आम्ही वेताळ टेकडीवर जातो. माती पायांना बरी, पण तिथे मोर आहेत, म्हणून पट्टा कधीच सुटत नाही. पावसाळ्यानंतर गवतातून गोचीड चिकटतात. कानामागे, बगलेत, बोटांच्या बेचक्यात हात फिरवून शोधायचे. गोचीडताप फार वाईट. जेवण पळून आल्यावर, श्वास पूर्ण शांत झाला की. भरल्या पोटी पळवणं खोल छातीच्या कुत्र्यांना विशेष धोक्याचं, त्यांच्या पोटाला पीळ पडू शकतो.

आता थंडीत आम्ही आरामात पाच किलोमीटर पळतो, मध्ये पाण्यासाठी थांबून. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी परवा विचारलं, आमचा पग येईल का गं तुझ्याबरोबर? मी नाही म्हटलं. चपट्या नाकामुळे त्याला धापा टाकूनही नीट गार होता येत नाही. उजाडायच्या आत सावकाश चालायला मात्र दोघांनी यायचं ठरवलंय, सोमवारपासून.