राखी ते खंडेनवमी

आमच्याकडं बाईला शेवटच्या पाळीची तारीख विचारली तर तारीख कधीच मिळत नाही. ‘राखीला माहेरी जायचं होतं आणि नेमकी बाहेर बसले’, ‘यल्लम्माची पुनव झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी’, ‘रोप लावणीचा शेवटचा दिवस’ असलं काहीतरी मिळतं. मग मी कॅलेंडर उघडून मागं मागं जाते आणि आकडा काढते. बोलणं मराठी, गरोदर बाईच्या नोंदीचं तायी कार्ड कन्नड, आकडे देवाच्या सणांचे. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात बारा वर्षं आशा म्हणून हेच करतेय.

आणि दिवस गेलेली बाई मी लांबूनही ओळखते, हे जरा फुशारकीनंच सांगते. सिनेमातल्यासारखी उलटीची वाट बघत बसलं तर उशीर होतो, कारण उलट्या सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होतात आणि कितीतरी बायकांना होतच नाहीत. त्याआधी झोप येते. दुपारी कधी पाठ न टेकणारी बाई भिंतीला टेकून डुलक्या घेते. छाती जड होते, पोरानं अंगावर उडी मारली की ‘हो बाजूला’ म्हणून ढकलते. रात्री दोनदा लघवीला उठते. आणि वास. भात उतू गेला की पदर नाकाला.

ही सगळी लक्षणं एका बाईनं मला खंडेनवमीच्या पंधरा दिवस आधी हातपंपावर सांगितली होती. मी म्हटलं, “पित्त झालंय, जिऱ्याचं पाणी घे.”

कारण तिचं ऑपरेशन झालेलं होतं. दोन पोरं झाल्यावर चार वर्षांपूर्वी. कॅम्पला नेली ती मीच, केसमागं मिळतात ते पैसेही घेतले. त्या दिवसापासून माझ्या वहीत तिच्या नावापुढं ‘ऑपरेशन’ एवढा एकच शब्द आहे. ज्यांच्या पाळीची दर महिन्याला चौकशी करायची त्या यादीतून ती गेली ती गेलीच. वहीनं मला शिकवलं, की ह्या बाईला विचारायचं काही उरलेलं नाही.

तिला इथं धाकटी म्हणते, घरातही तसंच म्हणतात. वय एकतीस. नवरा गोव्यात कामाला, शिमग्याला आणि गणपतीला घरी येतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. दसऱ्याच्या आधी आठेक दिवस धाकटी माझ्या दारात आली होती. “आक्का, ते लघवी तपासायचं सामान हाय काय गे तुझ्याजवळ? मैत्रिणीला पाहिजे.” मी म्हटलं, “जिला पाहिजे तिलाच पाठव, नाव लिहावं लागतंय.” ती बरं म्हणून गेली. खोटं नव्हतं ते. दिवस गेलेत का ते तपासायचं निश्चय किट फुकट मिळतं, पण एकेकाचा हिशोब द्यावा लागतो, कुठलं किट कुणाला. पाच किटं आणि पाच नावं जुळली नाहीत की मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं करतात. लाखाची औषधं मुदत संपून फेकली जातात तेव्हा कोण उभं राहतं ते मला अजून दिसलेलं नाही.

खंडेनवमीच्या सकाळी अकरा वाजता तिची सासू धावत आली. “न्हाणीत पडली गे, उठंना झाली.” गेले तर धाकटी घोंगड्यावर आडवी. कपाळावर गार घाम. पापणी खाली ओढून बघितली तर आत पांढरी फटक. नाडी नुसती पळत होती. उजव्या अंगाला ओटीपोटात हात लावू देईना.

“कधीपासून दुखतंय?”

“काल दवाखान्यात जाऊन आलोय की ओ,” सासू म्हणाली. “पित्ताची सुई दिली.”

“आणि खांदा दुखूलाय आक्का,” धाकटी म्हणाली. “रताळी काढायला गेल्ते न्हवं, भरून आलाय. आडवं झालं की जास्ती.”

रताळी काढून खांदा भरणं ही आमच्याकडं बातमी नव्हे. पण मी आडवं झाल्यावर खांदा दुखणारी बाई आयुष्यात एकदाच बघितली होती, सात वर्षांपूर्वी, आणि तिचं पुढं काय झालं ते आठवून माझ्या पोटात गोळा आला. पोटात रक्त साठलं की ते वर छातीच्या पडद्याला चाळवतं आणि दुखणं खांद्यात निघतं, हे मला तेव्हा एका सिस्टरनी सांगितलं होतं.

“पाळी कधी आली होती?”

“पितरात,” सासूनंच उत्तर दिलं, जरा मोठ्यानं. “मीच बाजूला बसवली. पितराचा स्वयंपाक मला एकटीला पडला.”

“किती दिवस? रोजच्यासारखी?”

धाकटीनं मान हलवली. “नुसता डाग. काळपट. दोन दिस.”

“त्याच्या आधीची?”

“राखीला. भावाकडं जायचं ऱ्हायलं.”

गाडी मिळायला अर्धा तास गेला. खंडेनवमीला आमच्याकडं प्रत्येक गाडी न्हाऊन-माखून पूजेला बसलेली असते. शेवटी शेजारच्या पोरानं टेम्पो काढला, पुढं केळीचे खुंट बांधलेले, टायरखाली लिंबू. हौद्यात गादी टाकून, तिचे पाय माझ्या मांडीवर वर घेऊन आम्ही निघालो. सासू वाटेत एकदाच बोलली, “ऑपरेशन झालेल्या बाईला असलं काही होत न्हाई.” मला सांगत होती की स्वतःला, कळलं नाही.

दवाखान्यात ड्यूटीवर पोरगेलेसे डॉक्टर. पोट बघितलं, पोटावरचा टाका बघितला. “आपरेशन आगेदल्ल?” ऑपरेशन झालंय ना मग, लघवीचा संसर्ग असेल किंवा मूतखडा, म्हणून सलाईन लावायला सांगितलं. मी कन्नडमध्ये म्हटलं, सर, गरोदरपणाची टेस्ट करूया. त्यांनी माझ्या साडीकडं बघितलं. आशाच्या साडीकडं बघायची एक ठरावीक नजर असते, ती मला पाठ आहे.

वाद घालायला वेळ नव्हता. नर्सला सांगून लघवी प्लास्टिकच्या ग्लासात घेतली आणि माझ्या पिशवीतलं किट फोडलं. सकाळची पहिली लघवी असती तर चांगलं, त्यात जास्त उतरतं, पण आता कुठली सकाळ. ड्रॉपरनं तीन थेंब. पाच मिनिटं थांबायचं, त्याच्या आधी बघायचं नाही आणि फार उशिरानं दिसलेल्या रेघेवर विश्वास ठेवायचा नाही. ‘सी’ची रेघ, किट चालतंय एवढंच सांगणारी, लगेच उठली. ‘टी’ची, दिवस गेल्याचं सांगणारी, चौथ्या मिनिटाला आली, फिकट, पाण्यात कुंकू सांडल्यासारखी. नव्या पोरी असली रेघ बघून ‘नाही’ म्हणतात. फिकट असली तरी रेघ ती रेघ. डॉक्टरांसमोर धरली.

मग मात्र त्या पोरानं एक मिनिट घालवलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. सोनोग्राफी केली. पिशवी रिकामी, पोटात पाणी. पाणी म्हणजे रक्त. दोन सुया, दोन सलाईन, ॲम्ब्युलन्स, बेळगाव. संध्याकाळी ऑपरेशन झालं. उजवी नळी फुटली होती, काढून टाकली. दोन बाटल्या रक्त चढवलं.

तिथल्या मॅडमनी नंतर मला समजावलं. नळ्या बांधल्यावर पहिल्या वर्षात हजारात पाचेक बायकांना दिवस राहू शकतात, आणि पुढच्या वर्षांतही धोका शून्यावर येत नाही. आणि अशा बाईत राहिले तर ते नळीतच अडकायची भीती जास्त. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर छापलेलंच असतं, पाळी चुकली तर दोन आठवड्यांच्या आत येऊन कळवीन म्हणून. त्या कागदावर चार वर्षांपूर्वी धाकटीनं सही केली तेव्हा तिच्या बाजूला मी उभी होते. वाचून दाखवलं नव्हतं. मागं वीस बायका रांगेत होत्या.

दसऱ्याला दुपारी नवरा गोव्याहून आला. वॉर्डाच्या बाहेर कागद हातात घेऊन उभा. त्यावर लिहिलं होतं, सात आठवडे पाच दिवस. तो बोटांवर मोजत होता. एक हात संपला, दुसरा सुरू झाला. गणपतीला आला होता तो, म्हणजे बरोबर पाच आठवडे. सासू भिंतीकडं तोंड करून बसली होती. तेव्हा मला तिचं आदल्या सकाळचं मोठ्यानं बोलणं कळलं, आणि बहुतेक किट मागायला आलेली मैत्रीणही.

मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. म्हटलं, “भाऊ, डॉक्टर गणपतीपासून मोजत नाहीत. बाईची शेवटची पाळी ज्या दिवशी सुरू झाली तिथनं मोजतात, दिवस राहायच्या आधीचे दोन-अडीच आठवडे पण त्यातच धरतात. हिची राखीला होती. राखी ते काल चोपन्न दिवस. त्यातले राखी ते गणपती एकोणीस काढ.” त्यानं काढले. पस्तीस. पुन्हा एकदा काढले. मग कागदाची घडी करून खिशात घातली आणि विचारलं, “चहा घेतलासा काय आक्का?”

महिन्याच्या मीटिंगमध्ये मी विचारलं, ही केस कुठल्या रकान्यात घालू? गरोदर म्हणून नोंद नाही, तायी कार्ड नाही, ऑपरेशनच्या यादीत आहे. शेऱ्यात लिही म्हणाले. शेऱ्याचा रकाना बोटाच्या पेराएवढा आहे. शिवाय एक किट नावाशिवाय फोडलं त्याचा खुलासा वेगळा द्यावा लागला.

परवा धाकटी हातपंपावर भेटली. रंग परत आलाय. “त्या मैत्रिणीचं काय झालं गे?” हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि घागर उचलायला वाकली. जड उचलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून घागर मी घेतली आणि तिच्या दारापर्यंत गेले. वाटेत आम्ही रताळ्याच्या भावाचं बोललो.