केमोच्या आधी विचारायचा प्रश्न

आज आमच्या कॅन्सर वॉर्डच्या सिस्टर, काउन्सेलर आणि ज्युनियर डॉक्टरांचं ट्रेनिंग झालं, केमोच्या आधी पेशंटशी पुढे मूल होण्याबद्दल कसं बोलायचं यावर, आणि अजून डोक्यातून जात नाहीये. माहिती तशी अवघड नाही, केमोतल्या सायक्लोफॉस्फमाइडसारख्या औषधांनी अंडाशयाला इजा होते, वीर्य फ्रीज करायला एखाद-दोन दिवस पुरतात, बायकांची बीजं काढून फ्रीज करायला साधारण दोन आठवडे लागतात आणि त्यासाठी पाळीची वाट बघत बसावं लागत नाही. पण बोलायचं कसं?? रोल-प्लेमध्ये एक सिस्टर पेशंट झाली, 22 वर्षांची, लग्न न झालेली, शेजारी आई. आईचं एकच पालुपद, "आधी पोरगी वाचू दे, बाकीचं नंतर बघू." समोरची सिस्टर शांतपणे म्हणाली, "काकू, ती बरी होणार असं धरूनच तर आत्ता विचारतेय, नंतर उशीर होईल. मला पाच मिनिटं तिच्याशी एकटीशी बोलू द्या ना." फार आवडलं मला ते.

लग्न झालं नाही म्हणून विषयच काढायचा नाही, हे मला अजिबात पटत नाही. 2021 च्या एआरटी कायद्यात (टेस्ट ट्यूब बेबीसारख्या उपचारांसाठीचा कायदा) फ्रीज केलेली बीजं 10 वर्षांपर्यंत ठेवता येतात, म्हणजे लग्न नंतर झालं तरी ती वापरता येतील. खर्च मोठा आहे, इंजेक्शनं, प्रोसिजर, वर स्टोरेजची फी, पण कोणाला परवडेल हे आपण पेशंटच्या कपड्यांवरून ठरवायचं नाही, विचारायचं सगळ्यांना, पुरुषांनासुद्धा. आता केस पेपरवर यासाठी वेगळा रकाना हवा म्हणून मॅडमच्या मागे लागणार आहे.