आजींच्या पलंगावरून दिसणारा टीव्ही

कोल्हापुरात टीव्ही दुरुस्तीचा व्यवसाय करत असल्याने ‘नवा संच घ्यायचाय, सोबत या’ असे आग्रहाचे बोलावणे मला अधूनमधून येते. शिवाजी पेठेतल्या एका घरून आलेले बोलावणे वेगळे होते, कारण तिथला टीव्ही जेमतेम काही महिन्यांचा होता आणि तरीही तो बदलायचा होता. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा काकांनी जुना 32 इंची संच काढून 55 इंची फोर-के संच घेतला होता. चित्र पहिल्या दिवसापासून कोणाच्याच मनास येईना. कंपनीचा माणूस संच निर्दोष असल्याचे लिहून देऊन गेला होता, म्हणजे बदली मिळण्याचा मार्ग बंद झाला होता आणि काका पदरचे पैसे घालायला तयार झाले होते. दुकानात जाण्याआधी मला घर पाहू द्या, एवढी एकच अट मी घातली.

घरात शिरताच पहिले कारण सापडले. सेट-टॉप बॉक्स जुनाच, साध्या एसडी (कमी बारकाव्याच्या) वाहिन्यांचा होता आणि तो पिवळ्या, लाल, पांढऱ्या पिनांच्या एव्ही केबलने जोडलेला होता. एसडी चित्रात 720 गुणिले 576, म्हणजे सुमारे 4.15 लाख बिंदू असतात. फोर-के पडद्यावर सुमारे 83 लाख. म्हणजे वाहिनीकडून आलेल्या प्रत्येक बिंदूमागे एकोणीस बिंदू संचाला स्वतःच्या अंदाजाने भरावे लागतात. त्यातच पडद्याचे क्षेत्रफळ जुन्या संचाच्या जवळजवळ तिप्पट झालेले, त्यामुळे पूर्वी डोळ्यांना न जाणवणारा धूसरपणा आता उघडा पडला होता. वहिनींनी फोन केल्यावर सेट-टॉप बॉक्सच्या डीलरकडचा मुलगा दुपारपर्यंत एचडी बॉक्स एचडीएमआय केबलने जोडून गेला. तोवर मी संचाची ‘व्हिव्हिड’ मांडणी काढून ‘सिनेमा’ मांडणी लावली, चेहऱ्यांभोवती पांढरी कड उमटवणारी शार्पनेस उतरवली आणि हालचाल कृत्रिमरीत्या गुळगुळीत करणारी सोय बंद केली. समोरच्या खुर्चीवर बसलेल्या काकांचा चेहरा उजळला. “मग आता नवीन घ्यायची गरजच न्हाई की!” असे ते म्हणालेही.

त्याच वेळी भिंतीलगतच्या पलंगावरून आजी म्हणाल्या, “बाळा, हितनं अजून सगळी तोंडं पांढरीफटक दिसत्यात.”

खुब्याचे हाड मोडल्यापासून आजींचा मुक्काम त्या पलंगावरच आहे. दिवसभर टीव्ही सर्वांत जास्त पाहणारी व्यक्ती त्याच, आणि कंपनीच्या माणसाने किंवा घरातल्या कोणीही त्यांच्या जागेवरून पडद्याकडे पाहिलेले नव्हते. मी त्यांच्या उशाशी जाऊन बसलो. बातम्या देणाऱ्या बाईंची गर्द लाल साडी तिथून विटलेली गुलाबी दिसत होती, काळे केस राखाडी झाले होते आणि गालावरची सावली पुसून गेल्यामुळे चेहऱ्याला आकारच उरला नव्हता. उठून खुर्चीकडे सरकत गेलो, तसतसा साडीचा रंग पावलागणिक परत येत गेला. टेप लावून मोजले, तेव्हा उशी पडद्याच्या मध्यापासून समोर चार फूट आणि बाजूला सात फूट अंतरावर होती. म्हणजे आजी सुमारे 60 अंशांच्या कोनातून पाहत होत्या.

हा दोष कोणत्याही मांडणीने जात नाही, कारण तो पॅनेलच्या, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या पडद्याच्या, घडणीत असतो. त्या संचाचे पॅनेल व्हीए जातीचे होते. त्यात द्रवस्फटिकाचे रेणू काचेला काटकोनात उभे असतात आणि विद्युतदाबानुसार कलतात; समोरून पाहिल्यास प्रकाश उत्तम अडवला जातो व काळा रंग गडद दिसतो, पण बाजूने पाहणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत प्रकाश वेगळ्या वाटेने येतो आणि रंग विटतात. आयपीएस पॅनेलमध्ये हेच रेणू काचेला समांतर राहून फिरतात, म्हणून बाजूनेही रंग बरेचसे टिकतात. मात्र त्याचा कॉन्ट्रास्ट (उजळ आणि काळ्या भागांच्या तेजाचे प्रमाण) साधारण हजारास एक, तर व्हीएचा तीन ते पाच हजारांस एक असतो. माहितीपत्रकात दोन्ही जातींपुढे ‘178 अंश’ असेच छापलेले असते. कॉन्ट्रास्ट दहास एकपर्यंत घसरेल तिथवरचा कोन त्या आकड्यात धरतात, आणि इतके विटलेले चित्र पाहण्याजोगे म्हणणे मला ग्राहकावर अन्याय करणारे वाटते.

पलंग हलवता येत नव्हता, कारण न्हाणीघर त्याच बाजूला होते. वळणारा स्टँड लावून पडदा आजींकडे फिरवला असता, तर समोरच्यांना तेच भोगावे लागले असते. तेव्हा संच बदलणेच योग्य, असे मी काकांना सांगितले. त्यांच्या मुलाच्या मनात ओएलईडी, म्हणजे प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाशणारा संच, होता आणि कोनाच्या दृष्टीने तो उत्तमच ठरला असता. पण काका सकाळपासून वृत्तवाहिनी लावून ठेवतात, तिची खालची पट्टी आणि कोपऱ्यातले चिन्ह तासन्‌तास जागचे हलत नाही, आणि ओएलईडीवर अशा स्थिर चित्राचा कायमचा ठसा उमटण्याचा धोका असतो. मिनी-एलईडीच्या नावाला भुलण्यातही अर्थ नव्हता, कारण मिनी-एलईडी म्हणजे पडद्यामागून उजेड देणारे बारीक दिवे. पुढचे पॅनेल बहुतेकदा व्हीएच असते. राहिला आयपीएस. दिवाणखान्यात दिवसा भरपूर उजेड आणि रात्री ट्यूबलाइट चालू, तेव्हा त्याचा फिका काळा रंग तिथे फारसा खटकणार नव्हता.

दुकानात सगळे संच झगमगीत नमुनाचित्रे दाखवत होते. विक्रेत्याने आमच्या सांगण्यावरून साधी वाहिनी लावली आणि संच ‘होम’ मांडणीत आणला, हे त्याचे सौजन्य. तिथली फरशी दोन फुटी होती. पडद्यापासून समोर दोन आणि बाजूला साडेतीन फरश्या मोजून मी काकांना आजींच्या जागी उभे केले व पेनड्राइव्हमधले एका स्त्रीच्या चेहऱ्याचे छायाचित्र एकेका संचावर लावत गेलो. आयपीएस म्हणून ऐकलेल्या एका मालिकेतला 43 इंची संच तिथून फिका पडला, तर शेजारचा त्याच मालिकेतला 55 इंची टिकला. एकाच मालिकेत आकारानुसार पॅनेल बदलणे या धंद्यात नवे नाही, पण खोक्यावर त्याचा उल्लेख नसतो. खात्रीसाठी मी भिंग लावून दोन्ही पडदे पाहिले. 43 इंचीचे उपबिंदू (प्रत्येक बिंदूतले लाल, हिरवे, निळे भाग) सरळ पट्ट्यांसारखे, तर 55 इंचीचे मधोमध दुमडलेल्या बाणाच्या टोकांसारखे होते. आयपीएसमध्ये ही ठेवण वारंवार आढळते. काकांनी स्वतः भिंगातून ते पाहिले आणि 55 इंची नक्की केला.

दुकानातला संच आणि खोक्यातला संच एकाच पॅनेलचा असेलच असे नाही, म्हणून भिंतीवर चढवण्याआधी घरी तपासणी होईल आणि बाजूने रंग विटल्यास संच परत घेतला जाईल, असे आम्ही बिलावरच लिहून घेतले. विक्रेता थोडा कुरकुरला, पण त्याने सही केली. संध्याकाळी खोके उघडून संच टेबलावर ठेवला, तेच छायाचित्र लावले आणि या वेळी आधी आजींना विचारले. त्यांनी उशी सारखी करून बराच वेळ पाहिले व बाईंच्या कपाळावरची टिकली मरून आहे, लाल नव्हे, असे सांगितले. ती मरूनच होती. मग आम्ही भिंतीला भोके पाडली आणि आधीचा संच वर मुलाच्या खोलीत नेला. तिथे पलंग अगदी समोर आहे आणि रात्री दिवे मालवून चित्रपट पाहिले जातात, त्यामुळे व्हीएचा गडद काळा रंग त्या खोलीतच खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल.