विसर्जनाच्या रात्री विकलेले शेअर

रत्नागिरीत मी लोकांची रिटर्न भरतो. शेअर घ्या-विका सांगणं हा माझा धंदा नव्हे आणि तसा परवानाही माझ्याकडे नाही, हे अण्णांना मी वीसदा सांगितलंय. त्यांना ते ऐकूच येत नाही. जहाजावर चीफ इंजिनिअर होते. इंजिनच्या आवाजाने कान गेले, असं तेच म्हणतात.

2 सप्टेंबर 2025, गौरी-गणपती विसर्जनाचा दिवस. रिटर्नची मुदत 15 तारखेची, म्हणून सकाळीच अण्णांच्या पडवीत परकीय मालमत्तेचा तक्ता घेऊन बसलो. हा तक्ता जानेवारी ते डिसेंबर भरायचा, वर्षातला सर्वांत चढा आकडाही लिहायचा, आणि अण्णांचे कागद म्हणजे जुन्या पंचांगात खोचलेले प्रिंटआउट. ते उलगडताना लक्षात आलं, बाहेरची बहुतेक सगळी पुंजी एकाच कंपनीत आहे. अल्फाबेट, म्हणजे गूगल. ऑक्टोबर 2022 मध्ये आपल्या स्पर्धा आयोगाने गूगलला 1,337.76 कोटींचा दंड ठोकला, त्याच सुमारास शंभर डॉलरच्या आतबाहेर घेतलेले शेअर.

"आज बाजार उघडला की सगळे काढतो," अण्णा म्हणाले. "अमेरिकेतला तो जज गूगलला क्रोम ब्राउझर विकायला लावणार."

भीती काही पोकळ नव्हती. सर्चमधली मक्तेदारी गूगलने बेकायदा टिकवली, हे न्यायाधीश अमित मेहतांनी 5 ऑगस्ट 2024 लाच ठरवलं होतं. अमेरिकी सरकारने क्रोम विकायला लावा म्हणून मागणी केली होती आणि उपायांचा निकाल कधीही येणार होता. पर्प्लेक्सिटी या एआय कंपनीने तर क्रोमसाठी 34.5 अब्ज डॉलरची बोलीही लावली होती. (गिऱ्हाईक अंगणात येऊन उभं राहिलं की घर विकायला काढलंय असंच गावाला वाटतं.)

खटला कशाचा, हे मी त्यांच्या आंब्याच्या कलमांवरूनच सांगितलं. वाशीचा दलाल मोहोर यायच्या आधी उचल देतो, मग पेट्या त्याच्याच गाळ्यावर. गूगलचंही तेच. आयफोनवर आपलंच सर्च आधी दिसावं म्हणून 2022 मध्ये ॲपलला 20 अब्ज डॉलर.

"आणि कोर्टाने उचलच बंद केली तर?"

"तर आधी बागायतदार बोंबलेल, अण्णा. दलालाचे पैसे वाचले."

अण्णा हसले, पण बोट मोबाइलवरून हललं नाही. मग मी मायक्रोसॉफ्ट काढला. 3 एप्रिल 2000 ला मक्तेदारीच्याच खटल्यात निकाल विरोधात गेला आणि एका दिवसात शेअर 14 टक्क्यांहून जास्त आपटला. जूनमध्ये कंपनीचे दोन तुकडे करायचा हुकूम, पुढच्या जूनमध्ये अपिलात तो रद्द. तुकडे झालेच नाहीत. तरी डिसेंबर 1999 च्या चढ्या भावात ज्याने घेतले, त्याला तो भाव परत दिसायला पंधरा वर्षांहून जास्त लागली. कोर्टात कंपनी वाचली, हा मात्र अडकला तो अडकलाच.

"कोर्टाचं राहू दे. दोन वर्षांत तुम्हाला पैसे कशाला लागणार?"

घराचं छप्पर आणि काकूंचा गुडघा. दोन्हींचा हिशोब मांडला तर एक तृतीयांश शेअर पुरत होते. "तेवढे काढा, निकाल कसाही येवो. घेऊन चोवीस महिने उलटलेत, म्हणून फायद्यावर साडेबारा टक्के कर."

संध्याकाळी गणपती किनाऱ्यावर नेले. भरती चढत होती, पोरं कमरेएवढ्या पाण्यात. परतताना पाटावर मूठभर वाळू घेतली, ती देवघरात ठेवली, आरती झाली आणि सात वाजता अण्णा ओल्या पंच्यानेच पडवीच्या टोकाला गेले. रेंज तिथेच येते. एक तृतीयांश विकले, दोनशे दहा डॉलरच्या आसपास. घर रिकामं रिकामं वाटत होतं, कोणी फार बोललं नाही.

निकाल आला तो आपल्याकडच्या रात्री दोनच्या सुमाराला. क्रोम विकायला नको. उचल द्या, पण दुसऱ्याच्या गाळ्यावर पेटी जाऊ द्यायची नाही ही अट चालणार नाही. काही डेटा प्रतिस्पर्ध्यांना द्यावा लागेल. त्या दिवशी शेअर नऊ टक्के चढून 230 च्या वर बंद झाला. बागायतदार, म्हणजे ॲपलही वर.

चार तारखेला सकाळी अण्णा माझ्या ऑफिसात. उकडीच्या मोदकांचा डबा टेबलावर आपटला. "शेअरमागे वीस डॉलर! तुझ्या नावावर लिहून ठेवलेत."

मी काय बोलणार? निकाल उलटा आला असता तर हाच डबा हळू ठेवला गेला असता. खरं सांगायचं तर मलाही रात्री झोप नव्हती, आणि माझा तर एकही शेअर नव्हता.

"दोन तृतीयांश आहेत की अजून," मी म्हटलं.

"तेच म्हणतोय. व्हर्जिनियातला तो जाहिरातींचा दुसरा खटला, त्याची सुनावणी 22 पासून ना? काय होईल?"

मी तक्ता पुढे सरकवला. 2024 च्या सर्वांत चढ्या आकड्याचा रकाना अजून रिकामाच होता.